अल्बम यायच्या आधीची ओरड: मेटॅलिकाच्या चाहत्यांचं कुठे बरोबर, कुठे चूक

प्रश्न असा आहे: मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा नवा अल्बम जाहीर होतो, पहिलं गाणं बाहेर पडतं आणि अल्बम हातात यायच्या आधीच जुने चाहते तुटून पडतात. "संपले हे", "ड्रम ऐकवत नाहीत", "बेस कुठाय?", "आवाज फाटतोय". दर वेळी हेच. यातलं खरं किती मानायचं आणि एका सिंगलवरून (अल्बमआधी सुटं काढलेल्या गाण्यावरून) येणाऱ्या अल्बमचा अंदाज कसा बांधायचा?

ओरड किती मोठी आहे यावरून काहीही ठरत नाही. ती कशाबद्दल आहे यावरून बरंच ठरतं. या बँडच्या बाबतीत चाळीस वर्षांच्या तक्रारी चाळून पाहिल्या तर त्यांच्या तीन जाती दिसतात. एक आवाजाबद्दलची: मुद्रण, मिक्स (सगळी वाद्यं आणि गळा एकत्र जुळवणं), मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात). ही मोजून तपासता येते आणि बरेचदा खरी निघते. दुसरी रचनेबद्दलची: गाणी लांबली, रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) शिळे, सोलो (गिटारने एकटीने पुढे येऊन वाजवलेले तुकडे) नाहीत. ही अर्धी तपासता येते, पण एका सिंगलवरून मुळीच नाही. तिसरी म्हणजे "बँड आपला राहिला नाही". हिचा येणाऱ्या अल्बमशी संबंध नसतो. घोळ होतो तो माणसं या तिन्ही तक्रारी एकाच वाक्यात, एकाच सुरात करतात म्हणून.

तिसरी आधी उरकून टाकू. "विकले गेले" हा शिक्का या बँडवर पहिल्यांदा १९८४ मध्ये बसला, दुसऱ्याच अल्बमवर, कारण 'फेड टू ब्लॅक' हे गाणं ॲकूस्टिक गिटारने सुरू होत होतं. मग १९८९ मध्ये पहिला व्हिडिओ केला म्हणून. १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा 'मेटॅलिका', म्हणजे काळा अल्बम, सोपा आणि संथ म्हणून. १९९६ मध्ये 'लोड'च्या वेळी केस कापले म्हणून, हो, केस. २००० मध्ये नॅप्स्टर या फुकटात गाणी वाटून घेण्याच्या सेवेवर खटला भरला म्हणून. तो राग तर संगीताबद्दल नव्हताच. आपल्याकडची गंमत अशी की १९९१ नंतर स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरात आला आणि अनेकांची या बँडशी ओळखच काळ्या अल्बमने झाली. त्यामुळे अमेरिकेतला १९८३ पासूनचा चाहता ज्याला घसरण म्हणतो, तोच आपल्याकडच्या चाहत्याचा 'खरा मेटॅलिका' आहे. दोघं एकाच नव्या गाण्याला नावं ठेवतात, पण उलट्या कारणांनी. एकाला ते पुरेसं वेगवान वाटत नाही, दुसऱ्याला पुरेसं भारदस्त. अशा दोन तक्रारींची बेरीज करून "सगळ्यांनाच आवडलं नाही" म्हणायचं नसतं. ज्या तक्रारीत गाण्यातली एकही विशिष्ट जागा दाखवलेली नाही, ती बाजूला ठेवा.

आता आवाजाकडे, कारण खरं काम इथे आहे.

१२ सप्टेंबर २००८ ला 'डेथ मॅग्नेटिक' आला. निर्माता रिक रुबिन. ऐकणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली की आवाज करकरतो, दोन-तीन गाण्यांनंतर कान थकतात. बाकीच्यांनी त्यांना "मेटल आहे, भजन नाही" म्हणून उडवून लावलं. पण तक्रार शंभर टक्के खरी होती आणि पुरावा एका व्हिडिओ गेममध्ये सापडला. त्याच दिवशी ही गाणी 'गिटार हीरो'साठीही विकायला आली. गेमसाठी वेगवेगळे ट्रॅक (वाद्यांची सुटी मुद्रणं) लागतात, त्यामुळे तिथे शेवटचं दाबकाम न झालेला आवाज गेला होता. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. गेममधल्या लहरीला शेंडे होते, सीडीवर सपाट पत्रा.

हे का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर आहे. सीडीच्या आवाजाला कमाल मर्यादा असते. १६ बिटमध्ये वरचा आकडा ३२,७६७. त्यापुढे जागाच नाही. ड्रमवर काठी पडते तेव्हा काही मिलिसेकंदांचा एक उंच शेंडा येतो आणि आपल्याला 'ठोका' म्हणून जाणवतो तो हाच. गाणं सरासरीने जास्त मोठं वाजावं म्हणून पातळी वर ढकलली की शेंडे छताला आपटतात. मग दोनच वाटा उरतात. लिमिटर लावून शेंडे दाबायचे किंवा सरळ छाटू द्यायचे. छाटलं की लागोपाठचे अनेक नमुने (आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापं) एकाच आकड्यावर बसतात आणि त्या सपाट माथ्यातून मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर तयार होतात. करकर म्हणतात ती ही. विसर्जन मिरवणुकीत ॲम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर लावलेल्या स्पीकरच्या भिंतीचा जो चिरका आवाज येतो, त्यातही हेच घडतं. फरक इतकाच की तिथे बटण खाली करता येतं. फायलीत भाजलेली करकर आवाज कमी केल्याने जात नाही.

डीआर मीटर नावाचं एक साधन आहे. ते गाण्यातल्या सर्वांत मोठ्या भागांची सरासरी आणि शेंडा यांतलं अंतर मोजून एक आकडा देतं. मेटॅलिकाच्या १९८०च्या दशकातल्या मूळ सीड्या साधारण ११ ते १३ दाखवतात. 'डेथ मॅग्नेटिक'ची सीडी ३. मेटलसाठी ७-८ म्हणजे दाबलेलं पण चालण्यासारखं. ५ च्या खाली गेलं की ठोका गेलाच समजा.

आता इथे चाहत्यांची एक चूक झाली आणि ती आजही होते. अल्बमचा आवाज सुधारून द्या अशा अर्जावर दहा हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, तेव्हा बहुतेकांचा राग मास्टरिंगवर होता. पण मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवलं की त्यांच्याकडे आलेले मिक्सच आधीच छताला चिकटलेले होते. म्हणजे नुसतं पुन्हा मास्टरिंग करून काही साधणार नव्हतं. मिक्स नव्याने करावा लागला असता. रिमास्टर आणि रिमिक्स यांतला हा फरक लक्षात ठेवा. रिमास्टरमध्ये हातात दोन वाहिन्यांचा तयार मिक्स असतो. त्याचा एकूण रंग, पातळी, दाब बदलता येतो. एखादं वाद्य एकटं वर काढायचं असेल तर मूळ ट्रॅकपर्यंत मागे जावं लागतं. पोळी भाजल्यावर कणकेतलं मीठ कमी करता येत नाही, तसं आहे ते.

१९८८ च्या '…अँड जस्टिस फॉर ऑल'चं दुखणं याच जातीचं. बेस वाजवणारा क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यातला बेस ऐकूच येत नाही. कारण नुसतं "खाली ठेवला" इतकं नाही. बेस जवळपास स्वरागणिक गिटारच्या मागे चाललाय, गिटारचा खालचा पट्टा फुगवलाय आणि मधला पोखरलाय, बास ड्रमला वरची टकटक दिलीय. बेसला उभं राहायला जागाच उरली नाही. २०१८ ला रिमास्टर आला तेव्हा "आता बेस येणार" म्हणून लोक वाट बघत होते. आला नाही, बँडने जुना मिक्स बदलायचा नाही असं ठरवलं होतं. रिमास्टर जाहीर झाल्यावर बेसची आशा धरणं हीच चूक होती.

आणि २००३ चा 'सेंट अँगर'. त्याचा स्नेअर ड्रम जगभर टिंगलीचा विषय झाला आणि तेवढा एक आवाज समजून घेतला तरी पुष्कळ गोष्टी कळतात. स्नेअरच्या खालच्या कातड्याला लागून बारीक गुंडाळलेल्या धातूच्या तारांची एक पट्टी असते. बाजूला खटका असतो. खटका वर, तर तारा कातड्याला टेकतात आणि प्रत्येक ठोक्याला 'छर्र' असा खरखरीत, रुंद आवाज जोडला जातो. खटका खाली, तर तारा सुटतात आणि मागे राहतो नुसता धातूच्या पिंपाचा एकसुरी टणत्कार. तंबोऱ्याची जवारी काढून घेतल्यासारखं: तार तीच, पण झंकाराचा सगळा पिसारा गेला आणि उघडा सूर उरला. ड्रमर लार्स उलरिकने नंतर सांगितलं की एकदा खटका लावायचा राहून गेला आणि तो आवाज त्याला आवडला. सव्वा तासाच्या अल्बमभर तोच राहिला.

तो इतका का खुपतो? तारांच्या आवाजाची ऊर्जा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात पसरलेली असते, त्यामुळे तो गिटारच्या भिंतीतूनही कानाला न टोचता बाहेर येतो. टणत्काराची ऊर्जा एका अरुंद सुराभोवती गोळा झालेली असते. गाण्याचा सूर बदलला तरी तो बदलत नाही, म्हणजे अर्धा वेळ तो गाण्याशी बेसूर असतो. त्यात बरीच गाणी ड्रॉप सी मध्ये, खाली उतरवलेल्या गिटारवर. सोलो एकही नाही, म्हणजे कानाला दुसरीकडे जायला वाट नाही. इक्वलायझरने तो सूर छाटायला गेलं तर तेवढ्याच पट्ट्यातला गिटार आणि गळाही जातो. आताची वाद्यं वेगळी काढणारी सॉफ्टवेअर वापरली तरी टणत्काराची शेपटी गिटारमध्ये शिल्लक राहते. म्हणून चाहत्यांनी शेवटी आख्खा अल्बम नव्याने वाजवून मुद्रित केला, दुसरा इलाजच नव्हता. पण हे लक्षात घ्या की ही चूक नव्हती, निवड होती. २००८ ची करकर कुणालाच हवी असण्याचं कारण नव्हतं. २००३ चा स्नेअर ड्रमरला हवा होता. दोन्हींना 'खराब आवाज' म्हटलं की नेमकं तेच हरवतं.

तर नवीन सिंगल आला आणि आवाजाबद्दल ओरड सुरू झाली, तर तपासायचं कसं?

पहिलं, तुम्ही कशावर ऐकताय ते बघा. फोनच्या स्पीकरमधून साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही येत नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला बोलते, साध्या गिटारची ८२ ला. ड्रॉप सी मध्ये ती गिटार ६५ ला आणि बेस ३३ च्या आसपास जातो. फोनवर तुम्हाला ऐकू येतात ते फक्त वरचे अंशस्वर. मूळ स्वर मेंदू भरून काढतो. "बेस गायब" म्हणणाऱ्या माणसाला आधी विचारा, हेडफोन होते का? तारेचे साधे हेडफोन पुरतात.

दुसरं, पातळी. हा मुद्दा सोडला तर बाकी सगळी तुलना फुकट. दोन आवाजांत एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक असला तरी मोठा तो 'जास्त चांगला' वाटतो. फरक कळतसुद्धा नाही, नुसता कल पडतो. शिवाय हळू आवाजात कान खालचे आणि वरचे स्वर कमी पकडतो. आणि स्ट्रीमिंगवाले तुमच्या नकळत पातळी बदलतात. स्पॉटिफाय सर्वसाधारण सेटिंगला उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) आणतं, अॅपल म्युझिक साऊंड चेक चालू असेल तर उणे १६ वर. यूट्यूब मोठं असलेलं खाली आणतं, लहान असलेलं वर उचलत नाही. संगणकावर व्हिडिओवर उजवी क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. व्हॉल्यूमच्या ओळीत कंटेंट लाउडनेस म्हणून डेसिबलचा आकडा दिसेल. तिथे ६ असेल तर यूट्यूबने तेवढं खाली ओढलंय, म्हणजे शेजारची टक्केवारी ५० च्या आसपास दिसेल.

यातून एक मजेशीर गोष्ट होते. समजा नवं गाणं उणे ६ वर दाबून आलंय. स्पॉटिफाय ते ८ डेसिबल खाली आणतं. जुनं गाणं आधीच उणे १४ च्या जवळपास आहे, त्याला हात लागत नाही आणि त्याचे ड्रमचे शेंडे शाबूत आहेत. दोन्ही पाठोपाठ वाजले की नवं गाणं ढिम्म, लहान, लांबून येणारं वाटतं. २००८ ला सीडीवर लोक म्हणाले "फाटतंय". आज स्ट्रीमिंगवर तेच दुखणं असेल तर म्हणतील "दम नाही". आणि मग "म्हातारे झाले" असा निष्कर्ष काढतील. दम बहुतेक वेळा ड्रमरच्या हातात कमी नसतो, लिमिटरने खाल्लेला असतो.

तिसरं, फाईल उघडून बघा. स्ट्रीमिंगवरून ओढलेला एमपी३ नको. विकत घेतलेली फ्लॅक किंवा वेव्ह फाईल हवी, जिच्यात आवाजाचा काही भाग गाळलेला नसतो. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नवं गाणं आणि ज्याच्याशी तुलना करायची ते जुनं, दोन्ही आयात करा. आधी ॲनालाइझ मेनूतलं 'फाइंड क्लिपिंग' चालवा. पण इथे हमखास फसगत होते. गाणं छाटून झाल्यावर पातळी अर्धा डेसिबल खाली आणली असेल तर माथा सपाटच राहतो, फक्त छतापासून थोडा खाली. साधन म्हणतं "काही सापडलं नाही" आणि बघणारा म्हणतो "स्वच्छ आहे". म्हणून डोळ्यांनी बघायचं. स्नेअरच्या एका ठोक्यावर जाऊन दृश्य वाढवा, १० मिलिसेकंद पडदाभर येईपर्यंत. सीडीच्या दर्जाच्या फायलीत तेवढ्यात ४४१ नमुने असतात, ठिपके वेगळे दिसू लागतात. शेंडा टोकदार किंवा गोलाकार असेल तर ठीक. पाच-दहा ठिपके एका रेषेत ओळीने उभे असतील तर छाटलंय. असे दहा-बारा ठोके बघा. एकाने काही सिद्ध होत नाही.

मग ऐकणं. प्रत्येक गाण्याचा सर्वांत भरलेला ३० सेकंदांचा तुकडा कापा. इफेक्टमधून 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' दोन्हींना उणे १८ एलयूएफएसवर लावा. जुनं आणि नवं गाणं वेगळंच असल्यामुळे ही तुलना ढोबळ राहणार. पण एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या असतील, सीडी आणि रिमास्टर किंवा दोन सेवांवरच्या फायली, तर ती पक्की करता येते. दुसऱ्याला ट्रॅक बदलायला सांगा, तुम्ही पाठ फिरवा, दहा वेळा ओळखा. दहापैकी नऊ बरोबर आले तर फरक खरोखर ऐकू येतोय. निव्वळ नशिबाने तेवढे यायची शक्यता शंभरात एक. सहा-सात आले तर गप्प बसावं.

व्हिनाइलबद्दल, म्हणजे एलपी तबकड्यांबद्दल, एक इशारा. "एलपीवर डीआर १० आलाय, सीडीवर ६, म्हणजे एलपीचं मास्टरिंग वेगळं" असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. एकच छाटलेला मास्टर एलपीवर कापला तरी सुई, कार्ट्रिज आणि फेज यांच्या खेळात सपाट माथे तिरके होतात आणि मीटर जास्त आकडा दाखवतं. एलपीवरून घेतलेल्या नोंदीसाठी डीआर मीटर वापरूच नका.

रचनेच्या तक्रारींकडे वळू. इथे चाहत्यांची बाजू मला बरीच कच्ची वाटते आणि त्याचं कारण साधं आहे: सिंगल हा अल्बमचा नमुना नसतो. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे चालत नाही, कारण हे शीत मुद्दाम निवडून दिलेलं असतं. १८ ऑगस्ट २०१६ ला 'हार्डवायर्ड' आलं. तीन मिनिटांचं, सगळं धावतं. नोव्हेंबरात अल्बम आला तो ७७ मिनिटांचा, आणि ते गाणं त्यातलं सर्वांत छोटं होतं. २८ नोव्हेंबर २०२२ ला 'लक्स एटर्ना' आलं, पुन्हा साडेतीन मिनिटांच्या आत. १४ एप्रिल २०२३ ला '७२ सीझन्स' आला, पुन्हा १२ गाणी आणि ७७ मिनिटं, पुन्हा तेच सर्वांत छोटं. शेवटचं 'इनामोराटा' अकरा मिनिटांचं, संथ, जड. पहिल्या गाण्यावरून "हे आता फक्त जुन्या वेगाची नक्कल करतायत" म्हणणारे आणि "वा, जुना थ्रॅश (वेगवान मेटल) परत आला" म्हणणारे, दोघंही सारखेच चुकले. या बँडच्या बाबतीत इतकंच धरून चाला की पहिलं गाणं अल्बमच्या लांबीबद्दल आणि वेगाबद्दल दिशाभूल करू शकतं. गळ्याचा पोत, ड्रमचा आवाज, गिटारचा रंग आणि मिक्सची ठेवण मात्र त्यात बहुधा खरी कळते, कारण ती सहसा अल्बमभर एकाच हाताची असते.

दुसरी गफलत तुलनेची. नव्या गाण्याची तुलना लोक १९८६ च्या सर्वोत्तम गाण्याशी करतात, जे त्यांनी हजार वेळा ऐकलंय. जुन्या अल्बमवरच्या सर्वांत कच्च्या गाण्याशी करून बघा. 'राइड द लाइटनिंग'वर 'एस्केप' आहे. बँडला स्वतःलाच ते फारसं आवडत नव्हतं आणि १९८४ चं ते गाणं मंचावर पहिल्यांदा वाजलं २०१२ मध्ये. सुवर्णकाळातही भरताड होतं, फक्त ते आपण विसरून जातो. नवं गाणं तीन दिवसांत तीन वेळा ऐका: एकदा व्हिडिओशिवाय, एकदा हेडफोनवर, एकदा बऱ्या स्पीकरवर. मगच मत द्या.

"गाणी लांबवलीत" ही तक्रार मात्र मला पटते, आणि ती घड्याळाने तपासता येते. 'राइड द लाइटनिंग' आठ गाण्यांत ४७ मिनिटांत संपतो. 'मास्टर ऑफ पपेट्स' आठ गाणी, ५५ मिनिटांच्या आत. तेव्हा एलपी डोळ्यांसमोर होती. एका बाजूला २२-२३ मिनिटांच्या पुढे गेलं की खोबणी बारीक करावी लागते, पातळी खाली येते, आवाज मरतो. सीडीने ते छत उचललं. 'लोड' तर ७९ मिनिटांना टेकला. 'दि आउटलॉ टॉर्न'चा शेवटचा मिनिटभर वाजवण्याचा तुकडा सीडीत मावेना म्हणून कापला आणि नंतर एका सिंगलवर पूर्ण दिला. म्हणजे कात्री चालवली ती संपादकाने नाही, तबकडीच्या कडेने. तेव्हापासून यांचे बरेचसे अल्बम ७५ ते ७९ मिनिटांच्या घरात आहेत. तपासायचं असेल तर स्टॉपवॉच लावून गाण्यात गळा कधी सुरू होतो आणि तोच रिफ काही न बदलता किती वेळा फिरतो ते मोजा. चौथ्या आवर्तनात ड्रमने भर घातली, दुसरी गिटार वर आली, तर ती चढण आहे. आठ आवर्तनं जशीच्या तशी असतील तर फुगवटा आहे. अल्बम आल्यावर स्वतःच आठ गाण्यांची, ४८ मिनिटांची यादी करून ऐका. गेल्या दोन अल्बमांना हा उपाय चांगला लागू पडतो.

ओरडून काही बदलतं का? येणाऱ्या अल्बममध्ये नाही. सिंगल बाहेर पडतो तेव्हा अल्बमचा मास्टर सहसा बंद झालेला असतो, कारण एलपीचं काम लांब चालतं: लॅकर (एलपीची पहिली, मूळ तबकडी) कापायची, तिच्यावरून धातूचे साचे काढायचे, चाचणीच्या प्रती दाबायच्या, कुणीतरी त्या ऐकून होकार द्यायचा आणि मग रांगेत थांबून छपाई. '७२ सीझन्स'च्या घोषणेपासून प्रकाशनापर्यंत १३७ दिवस गेले. त्या दिवसांत बदलण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. २०११ ला गायक लू रीडबरोबरच्या 'लुलू'चं पहिलं गाणं ऐकून लोकांनी आकाशपाताळ एक केलं, तरी अल्बम जसा होता तसाच आला. ३० ऑक्टोबरला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर बँड वाजत होता, मुंबई-पुण्याची मंडळीही तिथे गेली होती, आणि 'लुलू' यायला एक दिवस उरला होता. मंचावर वाजली ती जुनीच गाणी.

पुढच्या वेळी मात्र तक्रारीचा उपयोग होऊ शकतो, ती नेमकी असेल तर. "आवाज घाण आहे" याचं कुणी काही करू शकत नाही. "विकत घेतलेली २४ बिट फाईल, २ मिनिटं १४ सेकंदांवर कोरस सुरू होताना स्नेअरचा शेंडा छाटलेला दिसतो, तारेच्या हेडफोनवर करकर ऐकू येते, स्ट्रीमिंगवरही तेच" याचं करता येतं. गाण्याची आवृत्ती, जागा, साधन आणि काय ऐकू येतं, या चार गोष्टी पुरेत.

आणि पैशांबद्दल. आगाऊ नोंदणी करण्याआधी मास्टरिंग कुणाचं आणि एलपीची लॅकर कुणी कापली हे श्रेयनामावलीत बघा. एलपीसाठी वेगळा मास्टर केल्याचं स्पष्ट लिहिलं नसेल तर आवाज सुधारेल म्हणून एलपीचे जादा पैसे मोजू नका. मुखपृष्ठ मोठं हवं असेल तर जरूर मोजा. ७७ मिनिटांचा अल्बम दोन तबकड्यांवर, चार बाजूंना साधारण १९ मिनिटं असा बसतो आणि ते ठीक आहे. तेवढाच मजकूर तीन बाजूंवर कोंबला असेल तर बाजूला २५ मिनिटांच्या वर जातं. ती प्रत दुकानातच ठेवा.